नाडी फोनवरून कळत नाही

मी कामावर रुजू झाले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला माझी पर्स टेबलावर उलटी करायला लावली. ट्रेनचं कार्ड, टिकल्यांचं पाकीट, किल्ल्या आणि अर्धा उरलेला ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. बाकी कशाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पुडा दोन बोटांत उचलून विचारलं, “हे कोण खातं?”

“मी.”

“कधी?”

“भूक लागली की.”

“खोटं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “कंटाळा आला की.”

पुडा त्यांनी परत दिला, नोकरीही दिली. पर्स कशासाठी तपासली ते पुढे कळलं. मी सरकारी खात्यातून आले आहे की काय, असा त्यांना संशय होता.

मी पुण्याहून बी.फार्म. करून आलेली. नवरा ऑस्ट्रेलियात, पोर्ट केम्बलाला स्टीलच्या कारखान्यात इंजिनियर. इथे फार्मसिस्ट म्हणून काम करायचं तर परीक्षा द्यावी लागते, आणि तोवर हातावर हात ठेवून बसायचं नव्हतं. वॉलॉंगॉंग स्टेशनजवळ एका बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानाच्या वर डॉक्टरीणबाईंचं क्लिनिक होतं. त्या कोरियन वैद्यकाच्या डॉक्टर. आपल्याकडे आयुर्वेद, तसं त्यांच्याकडे ते. त्याचं कॉलेज वेगळं, अभ्यास बरीच वर्षं चालतो. नाडी, जीभ, पोट बघायचं, सुया टोचायच्या, काढे द्यायचे. पण वॉलॉंगॉंगच्या लोकांना पाठदुखीसाठी त्या आठवत नसत. फोन यायचा तो एकाच गोष्टीसाठी. कोरियन बायका एवढ्या बारीक कशा, त्यांचं ते पाऊचमधलं औषध तुमच्याकडे मिळतं का?

मी त्यांना फार्मसीची डिग्री असल्याचं सांगितलं होतं, म्हणून त्या मला ‘फार्मसी’ म्हणायच्या. “फार्मसी, दार लाव.” “फार्मसी, त्या माणसाचे बूट बघ.” माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. मी त्यांना तोंडावर ‘डॉक्टर’ म्हणायचे आणि मनात डॉक्टरीणबाई. आमचं बोलणं इंग्रजीत. त्यांचं तुटक, क्रियापद गाळलेलं. माझं पुणेरी.

वजन कमी करायला आलेला माणूस खोटं बोलतो, हे त्यांचं ठाम मत. तो वाईट असतो म्हणून नाही. त्याला लाज वाटते, आणि लाज वाटली की माणूस आधी स्वतःला फसवतो, मग डॉक्टरला. म्हणून त्या विचारण्यापेक्षा ऐकायच्या. क्लिनिकला चढून यायला लाकडी जिना होता. पेशंटची पावलं खाली वाजली की डॉक्टरीणबाई हातातलं काम थांबवून दारामागे उभ्या राहायच्या. कुठल्या पायरीवर थांबला, कठड्याला धरून वर आला का, श्वास तोंडाने घेतो की नाकाने. दार उघडेपर्यंत त्यांची निम्मी तपासणी झालेली असायची. वजनकाटा होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे. लोक त्यावर उभं राहताना जॅकेट काढतात, बूट काढतात, एक बाई तर कानातलेसुद्धा काढून ठेवायची. “काट्याला सगळे आधीच पढवून आणतात,” त्या म्हणायच्या.

यात त्यांचं दरवेळी बरोबर यायचं असं मुळीच नाही. एक गोरी बाई होती, पन्नाशीची, कारखान्याच्या कॅंटीनमध्ये काम करणारी. तिची जीभ बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तू मध्यरात्री जेवतेस आणि मला सांगत नाहीस.” बाईचे डोळे भरून आले. तिची रात्रपाळी होती. मध्यरात्र हीच तिची जेवणाची वेळ, आणि हे तिने पहिल्याच भेटीत मला सांगितलं होतं. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलंही होतं, पण त्यांना वाटलं, माझीच काहीतरी ऐकण्यात चूक झाली असेल. माफी त्यांनी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी जवाची पेज डब्यात घालून कारखान्याच्या गेटवर स्वतः नेऊन दिली आणि बाईसमोर उभं राहून ती संपेपर्यंत बघितली.

आणखी एकदा एक दणकट माणूस आला आणि हळू आवाजात म्हणाला, मला ते दुसरं औषध हवंय, ज्याने धडधडतं. अशी एक वनस्पती असते खरी. भूक मारते आणि हृदयाला पळवते. कोरियात ती डॉक्टर लोक मोजून मापून देतात. इथे कायद्याने तिला परवानगी नाही. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. “तुम्ही कुठल्या खात्याचे?” माणूस प्लंबर होता. मुलीच्या लग्नात जुना सूट अंगात यावा एवढीच त्याची इच्छा. पण तो जाईपर्यंत त्या त्याच्याशी हवामानावर बोलत राहिल्या, आणि तो गेल्यावर मला त्याची व्हॅन बघायला खाली पाठवलं. व्हॅनवर नळाचं चित्र होतं. “चित्र कोणीही काढतं,” त्या म्हणाल्या.

माझाही त्यांच्यावर विश्वास होता असं नाही. मी औषधांचं शिकलेली. कुठल्या गोळीत काय आणि किती, हे छापलेलं असल्याशिवाय माझा जीव भांड्यात पडत नाही. इथे भिंतभर लाकडी ड्रॉवर, त्यांवर मला न वाचता येणारी अक्षरं, आणि मागच्या खोलीत रटरटणारं काळपट पाणी. ज्येष्ठमध आणि आलं तेवढं मला वासावरून ओळखू यायचं. बाकीच्यांची नावं मी विचारून घ्यायचे, घरी जाऊन शोधायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तीच नावं पुन्हा विचारायचे, बदलतात का बघायला. त्यांना ते कळत होतं. त्यांनी कधी नाव बदललं नाही आणि कधी रागावल्याही नाहीत. उलट बऱ्याच जणांना त्या काही देतच नसत. “हिला झोप नाही. झोप आली की ये.” “ह्याची बायको गेली, हा खातोय ते दुःख. मी काय देऊ?” अशाने क्लिनिक चालतं कसं, हाही माझ्या मनातला एक संशयच होता.

फोनवरून तपासणी, हा विषय त्यांच्यासमोर काढायचा नाही असा अलिखित नियम होता. काढायचा तो त्यांचा भाचा. सिडनीत आयटीत होता, गोड बोलणारा, दर पंधरवड्याला ट्रेनने यायचा. कोरियात आता कशी व्हिडिओवर तपासणी होते, औषध घरपोच जातं, मावशी, तू इथे जिन्याचे आवाज ऐकत बसलीयस, असं त्याचं सुरू व्हायचं.

“नाडी फोनवरून कळत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणायच्या.

“पहिल्या भेटीत बघ ना नाडी. पुढच्या वेळी फोन.”

“पुढच्या वेळी माणूस बदललेला असतो.”

“मग जिभेचा फोटो मागव.”

एकदा कोणीतरी खरोखरच जिभेचा फोटो पाठवला होता. डॉक्टरीणबाईंनी तो माझ्या फोनवर मोठा करून पुष्कळ वेळ पाहिला आणि विचारलं, “ही जीभ तिचीच कशावरून?” पण मला भाच्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटायचं नाही. या देशात अंतरं किती आहेत ते आतल्या भागात राहणाऱ्यांना विचारा. दोनशे किलोमीटरवर दवाखाना असणाऱ्या माणसाला ‘समोर या’ सांगणं सोपं असतं, येणं नाही.

अशाच एका ताई मला फोन करायच्या. मूळच्या सांगलीच्या. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी कुठे काम करते ते त्यांनी वाचलं होतं. नवरा खाणीत इंजिनियर, दोन आठवडे साइटवर आणि एक आठवडा घरी. मुलगी सिडनीला युनिव्हर्सिटीत. ताई घाटापलीकडे, गव्हाच्या पट्ट्यातल्या एका छोट्या गावात बहुतेक वेळ एकट्या. त्यांना कोणाशी तरी मराठीत बोलायचं असायचं, ते मला पहिल्याच फोनला कळलं.

“काही नाही गं, पोट सुटलंय नुसतं,” त्या म्हणाल्या. “आधी मी अशी नव्हते. आता सलवारीची नाडी पुरत नाही. नणंदेच्या मुलीचं लग्न आहे डिसेंबरात, सगळे बघतील. तुमच्या बाईंना सांग ना, द्या म्हणावं ते पाऊच. पोस्टाने.”

“ताई, त्या बघितल्याशिवाय देत नाहीत.”

“अगं, काय बघायचंय? जाडी बाई ती जाडी बाई. आणि खाते म्हणशील तर चिमणीएवढं. चार घास गेले की पोट गच्च.”

मी फोन स्पीकरवर ठेवलेला. डॉक्टरीणबाईंना मराठी येत नव्हतं, पण त्या ड्रॉवर आवरता आवरता आवाज ऐकत असायच्या. मी भाषांतर केलं तेव्हा म्हणाल्या, “चिमणीएवढं सगळेच खातात.” तीन-चार फोननंतर मात्र म्हणाल्या, “हिचा आवाज बारीक होतोय.” मी म्हटलं, लाइनच खराब आहे तिकडची. त्यांनी ड्रॉवर ढकलून बंद केला.

ताईंनी तिथल्या डॉक्टरकडेही नंबर लावला होता. ती वेळ फोनवरचीच मिळाली. पाळी जायचं वय आहे, वजन वाढतं, चालायला जा, असं सांगून त्याने फोन ठेवला. ताईंना ते पटलंही. त्या रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या धान्याच्या सायलोपर्यंत, त्या उंच कोठारापर्यंत, चालून येत होत्या आणि दमत होत्या.

भाच्याने ही संधी साधली. “मावशी, एकदा व्हिडिओवर बघ. एकदाच. नाही जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही.” डॉक्टरीणबाई तयार झाल्या त्या व्हिडिओ कुचकामी आहे हे सिद्ध करायला. टेबलावर लॅपटॉप, त्याच्यासमोर ताठ बसलेल्या त्या, बाजूला भाषांतराला मी, मागे भाचा. पडद्यावर ताईंचं स्वयंपाकघर आलं. ताईंनी मुद्दाम नीट साडी नेसली होती, लिपस्टिक लावली होती. चेहरा काही जाड दिसत नव्हता. त्यांनी स्वतःच सांगितलं, “चेहऱ्यावर नाही गं येत माझ्या, सगळं पोटावरच.”

डॉक्टरीणबाईंनी जीभ बघितली. मग वैतागून म्हणाल्या, “पिवळी. पण लाइटही पिवळा.” भाचा उठून काहीतरी सांगायला लागला. तेवढ्यात ताईंनी सुटलेली केसांची क्लिप लावायला हात वर केला आणि त्यांच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या मनगटावरून घसरत थेट कोपरापर्यंत गेल्या.

“थांब,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “विचार, ते सोनं कधीचं.”

मी विचारलं.

“लग्नातल्या आहेत,” ताई हसून म्हणाल्या. “गेल्या वर्षीपर्यंत साबण लावल्याशिवाय निघायच्या नाहीत. आता भांडी घासताना सिंकमध्ये पडतात.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मी काय सांगते आहे. पण ते पुरतं मनात उतरायच्या आत डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “औषध नाही. तिला सांग, इथे यायचं. या आठवड्यात.”

ताई हिरमुसल्या. नवरा परवाच साइटवर गेला, हायवेवर गाडी चालवायची मला भीती वाटते, एवढ्या लांब कशी येऊ. भाचा मागून म्हणाला, “काहीतरी सौम्य दे ना मावशी. आलं, संत्र्याची साल. त्याने काय होणार आहे?” डॉक्टरीणबाईंनी लॅपटॉप बंद केला. ताई पलीकडे काहीतरी बोलत होत्या, ते वाक्यही पुरं झालं नाही.

शनिवारी काम संपताना त्या मला म्हणाल्या, “उद्या तुझी गाडी. लवकर.”

मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “एवढे पाच तास जाणार कशाला ती बाई? काहीतरी मोठं गळ्यात मारायचं असेल.” मला तसं वाटत नव्हतं असं म्हणणार नाही. सकाळी त्या आल्या तेव्हा त्यांच्याजवळ एक मोठी कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी मला उचलू दिली नाही. मांडीवर घेऊन बसल्या. घाट चढताना त्यांनी माझं ब्रेकवरचं पाऊल बघितलं, फोनवरच्या नकाशावर विश्वास नाही म्हणून पेट्रोल पंपावर कागदी नकाशा मागितला, आणि तिथल्या माणसाने मला मीट-पाय, इथली खिमा भरलेली पॅटिस, गरम करून दिली तेव्हा तिचं वरचं झाकण उचलून आत बघून मला परत केली. मेंढ्यांची कुरणं संपली, रस्ता सरळ झाला, दोन्ही बाजूंना कापलेल्या गव्हाची खुंटं. ती पिशवी मात्र मांडीवरच. वाटेत एका बाकावर त्यांनी ती उघडली. आत भाताचे रोल होते, उकळलेल्या पाण्याची बाटली, घरात घालायच्या सपाता आणि एक धुतलेली पांढरी चादर. औषध एकही नव्हतं.

ताईंनी दार उघडलं आणि मी पहिल्यांदा त्यांना पूर्ण पाहिलं. ढगळ कुर्त्यातून पोट पुढे आलेलं, आणि खांद्याची हाडं वर. हात काड्यांसारखे. व्हिडिओवर साडीचा पदर होता, खुर्ची होती, छातीपर्यंतचीच चौकट होती. त्यांनी आमच्यासाठी शिरा केला होता. डॉक्टरीणबाईंनी तो बाजूला ठेवायला सांगितला, सपाता घातल्या, सोफ्यावर चादर पसरली आणि ताईंना झोपायला लावलं.

दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून त्या बराच वेळ बसल्या. मग पोट दाबलं, हळूच. एक बोट पोटावर ठेवून दुसऱ्याने त्यावर टिचकी मारत गेल्या, आवाज ऐकत. ताईंना कुशीवर वळवलं आणि पुन्हा तेच. ताई माझ्याकडे बघून हसत होत्या, थोड्या अवघडलेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा कुर्ता सारखा केला, हात धुऊन आल्या आणि मला म्हणाल्या, “ही चरबी नाही. काय आहे मला माहीत नाही. माझं काम नाही हे. आज हॉस्पिटल.”

मी ते मराठीत सांगितलं. ताईंचं हसू गेलं.

“मी औषध मागितलं होतं,” त्या म्हणाल्या. “ह्या घाबरवायला आल्यात का मला? काही झालेलं नाही मला. तूच सांग, मी धडधाकट दिसत नाही का?”

त्यांनी नवऱ्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. तो खाणीवरून तुटक आवाजात माझ्यावर घसरला. “कोण बाई आहे ती? हिची डिग्री काय? माझ्या मागे माझ्या घरात कुणाला घेऊन येता तुम्ही? मी पुढच्या आठवड्यात येतोय, तेव्हा बघू काय ते.” त्याच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते. सगळं ऐकून मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, “ते म्हणतायत, पुढच्या आठवड्यात.”

त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची ओढली आणि बसल्या. “मी इथेच बसते. ती उठली की मी उठेन.”

आम्ही तिघी तशाच बसलो. ताईंनी शिरा पुन्हा गरम केला, कोणी खाल्ला नाही. त्यांनी कपडे वाळत घातले, परत आल्या, तरी डॉक्टरीणबाई तिथेच. शेवटी ताई माझ्याशेजारी बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “रात्री डाव्या कुशीवर झोपता येत नाही गं. काहीतरी सरकतं आत. मी कुणाला बोलले नाही.” मग आत जाऊन एका पिशवीत कपडे भरले.

गावातल्या हॉस्पिटलच्या दाराशी डॉक्टरीणबाई गाडीतून उतरल्या नाहीत. “विचारतील कोणी पाठवलं. सांग, शेजारणीने.” मी म्हटलं, असं का? तर म्हणाल्या, “माझं नाव ऐकलं की आधी मलाच तपासतील, तिला नंतर.” एवढ्या ताठ बाईला मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. काचा वर करून, पिशवी छातीशी धरून त्या काळोख पडेपर्यंत गाडीत बसून होत्या.

ताईंच्या बीजांडकोशावर गाठ होती. एवढी मोठी की तिने बाकी सगळं बाजूला सारलं होतं. त्यांना मोठ्या शहरात हलवलं, ऑपरेशन झालं, पुढे काही महिने उपचार चालले. लग्नाला त्या जाऊ शकल्या नाहीत. पण वाचल्या. नवऱ्याने नंतर मला फोन केला आणि काय बोलायचं ते न बोलताच ठेवून दिला.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. दोन महिन्यांनी भाच्याने सिडनीहून स्वतःची ऑनलाइन सेवा सुरू केली. दुसऱ्या एका तरुण डॉक्टरला घेऊन, व्हिडिओवर तपासणी आणि वजन कमी करायचं औषध घरपोच. आणि त्याच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर लिहिलं होतं की आमच्या व्हिडिओ तपासणीने एका महिलेचा जीव वाचला.

डॉक्टरीणबाईंनी ते मला मोठ्याने वाचायला लावलं. भाचा आला तेव्हा कडाक्याचं भांडण झालं, कोरियनमध्ये, आणि मधेच माझ्यासाठी म्हणून इंग्रजीत.

“खोटं आहे का?” तो मला विचारत होता. “तूच सांग. व्हिडिओ नसता तर त्या बांगड्या दिसल्या असत्या का? मावशी तर फोन घ्यायलाही तयार नव्हती. ती बाई ‘समोर या’ ऐकून घरीच बसली असती.”

“आणि तुझं ऐकलं असतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “तर तिला संत्र्याची साल गेली असती. तिने खुशीने प्यायली असती. वजन का उतरत नाही म्हणून आणखी मागवली असती.”

दोघांचंही खरं होतं. मी अजूनही यावर कधीकधी विचार करते आणि मला एका बाजूला जाता येत नाही. त्या दिवशी मी गप्प राहिले. तेच माझ्यावर शेकलं. भाचा गेल्यावर डॉक्टरीणबाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“पुढचं सगळं त्याला कसं कळलं? ऑपरेशन, गाठ. तो तर आपल्याबरोबर नव्हता. फार्मसी, तू त्याच्यासाठी काम करतेस.”

“नाही, डॉक्टर.”

“किती दिवसांपासून?”

मी पुन्हा नाही म्हटलं. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे तसंच बघितलं जसं जिना चढून आलेल्या पेशंटकडे बघायच्या, आणि हात पुढे केला. किल्ल्यांसाठी. मी दिल्या. घरी येऊन रडले, मग चिडले, मग परीक्षेच्या अभ्यासाला लागले. पुढे ताईंकडूनच कळलं की त्यांनीच भाच्याला मेसेज करून सगळं सविस्तर कळवलं होतं, आभार मानायला. व्हिडिओची वेळ त्याने ठरवली होती ना, नंबर त्याचाच होता त्यांच्याकडे. मी हे डॉक्टरीणबाईंना सांगायला गेले नाही. ज्यांना ऐकायचंच नाही त्यांना काय सांगायचं.

आता मी इथल्याच एका औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. डॉक्टरीणबाईंनी क्लिनिक बंद केलं आणि त्या कोरियाला बहिणीकडे गेल्या. तिथून त्यांचा निरोप नाही, मीही पाठवलेला नाही. पण जाण्याआधी आमची एकदा भेट झाली.

हॉस्पिटलमधून फोन आला. एक पेशंट आहे, छातीत पाणी झालंय, घरी एकट्याच राहतात, कोणाला कळवायचं विचारलं तर फक्त तुमचं नाव सांगतात. मी विचारलं, काय नाव सांगितलं? नर्सने माझं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, उच्चार अगदी बरोबर. मला ते त्यांना माहीत आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

त्या पलंगावर खूप लहान दिसत होत्या. नाकात नळी. पलंगाच्या पायथ्याशी चाकांच्या खांबावर एक पडदा लावलेला, आणि त्यात सिडनीचे हृदयाचे स्पेशालिस्ट, चष्मा लावलेले, सौम्य आवाजाचे. ते काहीतरी विचारत होते आणि डॉक्टरीणबाई छताकडे बघत होत्या.

“सकाळपासून त्या उत्तरच देत नाहीयेत,” नर्स म्हणाली. “प्लीज, तू जरा बोल त्यांच्याशी.”

मी खुर्ची ओढून जवळ बसले. त्यांनी मान वळवली.

“त्या बाईने लिहिलं होतं भाच्याला,” त्या म्हणाल्या. “भाचा म्हणाला मला.”

“हो.”

“तरी थोडा संशय आहे.”

“असू दे,” मी म्हटलं.

पडद्यावरच्या डॉक्टरांनी विचारलं, आता दम कमी लागतोय का, पाय सुजलेत का? डॉक्टरीणबाईंनी चादरीतून हात बाहेर काढला आणि तळवा वर करून माझ्यापुढे ठेवला.

“बघ.”

“मला नाडी येत नाही, डॉक्टर. तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे. बघ.”

मी तीन बोटं ठेवली. कातडी कागदासारखी पातळ, गार. खाली ते धावत होतं, अडखळत होतं, पुन्हा धावत होतं. त्यातलं मला काही कळलं नाही. मी बोटं मात्र उचलली नाहीत. त्यांनी डोळे मिटले होते, आणि किती तरी वेळाने त्यांचा खांदा सैल झालेला मला दिसला.

“मॅम,” पडद्यातून आवाज आला, “तुम्हाला ऐकू येतंय का?”

डॉक्टरीणबाईंनी डोळे उघडले नाहीत.

“थांबा जरा,” त्या म्हणाल्या. “ती बघतेय.”